पोळ्याला उतरणारी तार

भाऊचा फोन सकाळी कधीच यायचा नाही. सकाळी दुकान, दुपारी जेवून झोप, आणि चारचा चहा झाला की गच्चीवरून फोन, हा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम. त्यामुळे आषाढातल्या एका सकाळी साडेसातला मोबाइलवर ‘भाऊ अकोला’ असं नाव आलं, तेव्हा मी उचलल्या उचलल्या खेकसलेच, ‘‘काय रे, सकाळी सकाळी कोणतं झाड आडवं झालं?’’ पलीकडून वहिनीचा आवाज. ‘‘सुमनताई, हे उठूनच नाई राह्यले वो.’’ उठून नाही राहिले म्हणजे काय, नीट सांग, असं मी तिलाच रागावून विचारत होते. चौतीस वर्षं शिकवण्यात गेली, समोरच्यानं वाक्य पूर्ण करावं हा माझा जुना हट्ट. ते वाक्य पूर्ण झालेलं होतं हे कळायला मला मिनिटभर लागलं. मग मी तिथेच, स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी खाली बसले.

भाऊ म्हणजे वामन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात आमची काळ्या मातीची थोडी शेती, एक बैलजोडी आणि आई-आबा. आबा गेल्यावर शेत काकांनी वाहायला घेतलं आणि भाऊ अकोल्याला येऊन मोटरी भरायला शिकला. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती मोटरसायकलला बांधून त्याच्याकडे आणायचे. हा तिच्या पोटातली जळकी तांब्याची तार काढायचा आणि वेढे मोजत नवी तार भरायचा. जठारपेठेत खाली दुकान, वर दोन खोल्या आणि त्याच्यावर गच्ची. बोटांना वेढे घालायची इतकी सवय लागलेली, की समोर बसून बोलताना मिठाईच्या पुड्याचा दोरासुद्धा तो बोटाला गुंडाळायचा आणि मधेच ‘बावीस’ असं काहीतरी पुटपुटायचा. वहिनी म्हणायची, ‘‘माणूस इथं बोलून राह्यलं, आन यायची मोजणी चालू!’’ शिक्षण माझं झालं. अमरावतीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यापायी मला झाडांमधलं सगळं कळतं असा माझा समज झाला. हे मी आज मोकळेपणानं कबूल करते, कारण ज्याच्यासमोर कबूल करायला हवं होतं तो आता नाही.

झाडांचा नाद त्याला पन्नाशी उलटल्यावर लागला, तोही ठरवून नाही. दुकानाच्या भिंतीत, पाण्याच्या पाइपाशेजारी, पिंपळाचं रोप उगवलं होतं. गवंडी ते उपटून फेकणार, तर यानं मुळांसकट सोडवून घेतलं आणि एका भंगार मोटरीच्या लोखंडी झाकणात लावलं. त्या झाकणाला मधोमध दांड्याचं भोक असतं, पाणी आपोआप निथळतं. ‘‘देवानं कुंडीच पाठवली,’’ म्हणायचा. अकोल्याच्या उन्हात लोखंड तापून मुळं शिजतील म्हणून त्याला ओलं गोणपाट गुंडाळायचा. वहिनीनं थयथयाट केला. पिंपळ घरात ठेवत नाहीत, त्यातून खुजं झाड म्हणजे घराची बरकत खुजी. यानं शांतपणे उत्तर दिलं, ‘‘घरात कुठी हाये? गच्चीवर हाये.’’ मग उंबर आला, वड आला, एक चिंच आली. हिरव्या जाळीखाली बघता बघता पंचवीस-तीस झाडं झाली. त्यांच्या फांद्या वळवायला तार लागते, आणि तारेचा तर हा राजा. जळालेल्या मोटरीतली तार मऊ पडते, हवी तशी वळते; पण एकदा वळवली की तिथंच कडक होते. हे शास्त्र मला त्यानं शिकवलं. फांदी जाड असली तर तो तीन-तीन, चार-चार तारा शेजारी शेजारी ठेवून तिरपे वेढे घालायचा आणि मग दोन्ही अंगठे लावून फांदीला हळूहळू वाकवायचा, जशी आई आमच्या पाठीवरून हात फिरवत आम्हाला दूध प्यायला लावायची तसा.

मी पहिल्यांदा ते पाहिलं ते एका भाऊबीजेला, आणि माझं डोकंच फिरलं. ओवाळणीचं ताट हातात तसंच ठेवून मी त्याला झापलं. ‘‘झाडाला बेड्या घालतोस? अरे, हे आभाळाला भिडायचं झाड! लाज नाही वाटत?’’ वहिनी आणि तेव्हा कॉलेजात असलेला त्यांचा मुलगा मंगेश, दोघंही दारातच थबकले. भाऊनं कुंकू लावून घेतलं, सुपारी हातात घेतली आणि म्हणाला, ‘‘सुमे, आबाच्या बैलायच्या मानेवर जू होतंच ना? त्याच बैलायच्या गाडीत बसून तू तेल्हाऱ्याले परीक्षेले जात होती. तवा नाई रडली तू.’’

‘‘त्यांचं जू पोळ्याला तरी उतरायचं!’’ मी म्हटलं. तोंडाला आलं ते बोलून गेले, माझं हे नेहमीचंच.

भाऊ बराच वेळ ओवाळणीच्या ताटातला दोरा बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, ‘‘हे बराबर बोलली तू.’’ मला वाटलं विषय संपला. संपला कसला! पुढच्या श्रावणात त्याचा फोन. पोळ्याला ये. यंदापासून आपल्या गच्चीवर पोळा.

आणि खरोखर पोळा होता. मृगाचे पहिले थेंब पडले की झाडांना तार बांधायची आणि पोळ्याला उतरवायची, असा त्यानं नेम केला. तसा तो नेम शास्त्रालाही धरून होता, हे मला नंतर कळलं. पावसात फांद्या भराभर जाड होतात आणि तार वेळेवर निघाली नाही तर सालीत रुतते. पण त्यानं धरलं ते बैलाचंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वऱ्हाडात बैलांची खांदशेकणी करतात. जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं तूप-हळद लावायची आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. भाऊ हळदीची वाटी घेऊन गच्चीवर गेला आणि एकेका झाडाच्या बुंध्याला पळसाचं पान टेकवत म्हणत सुटला, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’ वाटीत तूप बघून मी पुन्हा ओरडले, की सालीची छिद्रं बुजतील. ‘‘बरं बाई, पुढल्या सालापासून पान्यातली हळद,’’ म्हणाला. त्या संध्याकाळी मी खूप हसले. इतकी मी माहेरी लहानपणानंतर हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र... ते लिहायला अजूनही जड जातं. गच्चीवर पाट मांडलेला, वहिनीनं पुरणाचा नैवेद्य आणलेला. भाऊनं सगळ्यात आधी पिंपळ घेतला, पहिला मान त्याचा. त्याची खालची डावी फांदी फार सुरेख वळली होती, नदीच्या वळणासारखी. यानं तारेचं टोक धरलं आणि वेढे उलगडायला सुरुवात केली. आयुष्यभर मोटरीतली तार उलगडून काढलेली, बोटं आपसूक उलटी फिरू लागली. पण वळवून कडक झालेली तार तशी सुटत नसते. ती फांदीला घेऊन फिरते. चौथ्या वेढ्याला फांदी बुंध्यापासून निघाली आणि त्याच्या हातात आली. आवाजसुद्धा फार झाला नाही. आणि मी, त्याची शिकलेली बहीण, काय बोलले? ‘‘झालं समाधान? जू उतरवताना बैलाची मान मोडणारा शेतकरी मी आजच पाहिला.’’

त्यानं फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवली, जशी काही ती जगणारच होती. जेवताना त्यानं अर्धी पुरणपोळी खाल्ली. मी संध्याकाळच्या बसनं परत आले आणि मग दोन महिने ना त्याचा फोन, ना माझा. खरं सांगायचं तर तार उलगडायची नसते, एकेक वेढा कापून काढायची असते, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? अमरावतीच्या एका रोपवाटिकेतल्या माळ्यानं मला ते सांगितलं. सांगताना असा बघत होता, की बाई, एवढं साधं ठाऊक नाही! मी तशीच बाजारात गेले, बोटभर तोंडाचा, लाल मुठींचा एक चांगला कटर घेतला आणि कुणाच्या तरी हाती अकोल्याला धाडला. चिठ्ठी लिहिली नाही. माफी मागायची असते तेव्हा माझी लेखणीसुद्धा अडते. भाऊला ते कळलं असावं. दिवाळीला दारात उभा राहून म्हणाला, ‘‘कटर भल्ला झकास हाये.’’ बस, आमचं भांडण तेवढ्यात मिटलं.

पुढल्या पोळ्यापासून तो कटरनं तार कापू लागला. कट, कट, आणि तांब्याचे तुकडे ताटलीत. खरी परीक्षा त्यानंतर. तार निघाली की फांदी एक तर उसळून जुन्या जागी जाते, नाही तर जिथं वळवली तिथंच राहते. राहिली, तर त्याच्या भाषेत ‘बसली.’ मी नेहमी जाऊ शकायची नाही, शाळा-कॉलेजांना सुट्टी असली तरी घरचे व्याप असतात. मग पोळ्याच्या दुपारी हमखास फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, एकदम, ‘‘सुमे, बसली.’’ कोणती, कुठली, काही नाही. ‘‘बरं, ठेव आता,’’ मी म्हणायची. एवढंच आमचं बोलणं. पण तो फोन येईपर्यंत माझ्या तोंडात घास फिरायचा, हे मी कधी त्याला सांगितलं नाही.

त्याची शेवटची भेट यंदाच्या मृगात झाली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं. औषधं चालू होती, पण गच्चीचा जिना चढताना मधे थांबायचा आणि थांबलो नाही असं दाखवायला कठड्याचा रंग तपासायचा. दुकान मंगेशनं पुढे चालवावं असा त्यानं कधी आग्रह धरला नाही. मंगेश नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात लागला, अमरावतीतच राहतो, आणि त्या दिवशी मला त्यानंच गाडीनं नेलं होतं. गच्चीवर भाऊ पिंपळासमोर स्टुलावर बसलेला. मोडलेल्या फांदीच्या खुंटाशेजारून एक नवी फांदी कधीची फुटली होती. मी ती दरवर्षी बघायची आणि नजर दुसरीकडे न्यायची. त्यानं तिला इतकी वर्षं कधी तार लावली नाही. ‘‘यंदा हिले वळवतो,’’ म्हणाला. ‘‘आता ऐकन ते.’’

मग मला म्हणाला, ‘‘ये, तू धर.’’ माझ्या हातात तार देऊन त्यानं वरून स्वतःची बोटं ठेवली. मी घट्ट आवळायला लागले. ‘‘दाबू नको वो सुमे. नुसतं धराचं. तिले कळलं पायजे का कोनीतरी धरून हाये, बस.’’ सात वेढे झाले. त्याला दम लागला होता. तोंड पुसत म्हणाला, ‘‘पोळ्याले येजो. हिची तार तू काढजो.’’

‘‘मी? माझ्या हातून मोडली तर?’’

‘‘माह्या हातून मोडली तवा कुठी जग बुडलं? आन तुह्या कटरनं कधीच नाई मोडली.’’

मला तेव्हाच ते बोलायचं होतं, इतकी वर्षं घशात अडकलेलं. ‘‘भाऊ, त्या दिवशी मी जे बोलले ना...’’

‘‘काय बोलली होती? मले नाई याद,’’ असं म्हणून तो मंगेशला हाका मारू लागला, की खाली चहा सांग. त्याला शब्दन् शब्द याद होता. पोळा आला की वहिनीजवळ तो हसत हसत ते वाक्य म्हणायचा, हे मला तेराव्याच्या दिवशी वहिनीकडून कळलं.

त्यानंतर बरोबर महिन्यानं तो फोन आला. तेरा दिवस माणसांची ये-जा होती. गच्चीवर फक्त मंगेश जायचा, पाणी घालायला, तेही पावसानं उघडीप दिली तर. यंदा पाऊस चांगला लागला आणि झाडं नुसती माजली. पोळ्याच्या आठ दिवस आधी अकोल्याला गेलेल्या मंगेशनं मला मोबाइलवर फोटो पाठवले. उंबराच्या एका फांदीवर साल तारेवर चढायला लागलेली होती, दोन वेढे जवळजवळ दिसेनासे झालेले. पिंपळाच्या फांदीवर अजून रुतली नव्हती, पण कडेला फुगवटा दिसत होता. मी लगेच वहिनीला फोन केला. पोळ्याला येते, कटर काढून ठेव.

‘‘यंदा आपल्याले पोळा नाई, सुमनताई,’’ वहिनी म्हणाली. ‘‘वर्ष होईस्तोवर सण नाई करत घरात. तुमाले माहीत नाई का?’’

माहीत होतं. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण तार काढणं हा सण कधी झाला? तर माझ्या भावानंच तो सण केला होता, माझ्या एका बोलण्यावरून! आता या बाईला त्यातली तार वेगळी आणि सण वेगळा करून कोण दाखवणार? मी पोळ्याच्या आदल्या दिवशी मंगेशला घेऊन अकोल्याला निघाले.

आणि घोळ घातला. गेल्या गेल्या पाणीसुद्धा न पिता मी तिला धडा शिकवायला लागले. सालीखालून अन्नरस कसा वाहतो, तार रुतली की तो कसा तुंबतो, फांदी कशी मरते. वहिनी ऐकत होती. गच्चीच्या दाराची किल्ली तिच्या कमरेला. शेवटी मी आवाज चढवला, ‘‘अगं, तुझ्या हट्टापायी त्याची झाडं मरतील!’’ तेव्हा ती उठून उभी राहिली. बेचाळीस वर्षांत तिनं मला उलट उत्तर दिलं नव्हतं. ‘‘मरू द्या मंग! त्यायच्या हातचे वेढे हायेत ते. एकेक मोजून घातलेले. माह्यासाठी काय ठेवलं त्यायनं? ना फोटो कधी काढू दिला धड, ना दोन शब्द बोलले. ते वेढे हायेत. ते बी तुमी तोडून टाकता, आन जाता अमरावतीले!’’ मंगेश खिडकीबाहेर बघत होता. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही, आणि मला बोलायला उरलं नाही की मी निघते. तशी निघालेच.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या नाल्यात एक माणूस बैल धूत होता. उद्या पोळा; सगळीकडे हेच चाललेलं. मंगेशनं गाडी जरा हळू केली. त्याला बैल बघायला आवडतं, बापासारखं. आणि त्या बैलांच्या ओल्या पाठी बघताना मला आबा गेले त्या वर्षीचा श्रावण आठवला. इतक्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता. आबा पोळ्याच्या पाच दिवस आधी गेले. मी नववीत. घर सुतकात. काकांनी सांगून टाकलं, यंदा पोळा नाही, बैल बाहेर निघणार नाहीत. आदल्या दिवशी दुपारी भाऊ उठला, विशीतला पोरगा, डोकं भादरलेलं. दोन्ही बैल सोडून नाल्यावर नेले, धुतले, आणि गोठ्यात आणून खांद्यांना हळद लावायला बसला. काका धावून आले. भाऊनं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाला, ‘‘सुतक आपल्याले हाये, काका. यायच्या खांद्याले कायचं सुतक?’’ पोळ्याच्या दिवशी ना झूल, ना घुंगरू, ना पुरण. पण जू उतरलं, आणि बैल दिवसभर गोठ्यात बसून वैरण खात राहिले. मी दारात उभी राहून सगळं पाहिलं होतं. ‘‘मंगेश,’’ मी म्हटलं, ‘‘गाडी वळव. आणि कुठे पळस दिसला तर थांब.’’

आम्ही परत पोचलो तेव्हा वहिनी गच्चीच्या जिन्यावर बसलेली होती, किल्ली हातात. दार उघडलं नव्हतं, पण तिथं बसली होती. मीही एक पायरी खाली बसले. आधी म्हटलं, ‘‘चुकले मी.’’ तिनं चमकून पाहिलं. हे शब्द माझ्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकले असणार, आणि ज्याला म्हणायचे होते त्याला मी कधी म्हटलेच नाहीत, हे जाणवून मला तिथं रडू फुटलं. आबा गेले तेव्हापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मग तिला तो श्रावण सांगितला. नाला, हळद, काका, आणि भाऊचं ते वाक्य. ती त्या घरात यायच्या आधीची गोष्ट. तिला ठाऊक नव्हती.

‘‘मले कधी सांगतलं नाई त्यायनं,’’ ती म्हणाली.  मग विचारलं, ‘‘पुरण नवतं केलं?’’

‘‘नव्हतं. काहीच नव्हतं. फक्त जू उतरवलं.’’

ती उठली, आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. वाटीत पाणी होतं, तूप नाही. म्हणजे तेही तिनं लक्षात ठेवलं होतं. मंगेशनं पळसाची पानं पुढे केली. ऊन उतरलेलं होतं. वहिनी एकेका झाडापाशी वाकत होती, पान टेकवत होती आणि पुटपुटत होती, ‘‘आज आवतन घ्या...’’ पुढचं तिला म्हणवत नव्हतं. ते मी म्हणत होते. ‘‘उद्या जेवाले या.’’ तीस झाडं अशी आम्ही दोघींनी मिळून पुरी केली.

पोळ्याच्या दिवशी साधा वरण-भात झाला, आणि आम्ही वर गेलो. कटर त्याच्या डब्यात होता, लाल मुठींचा रंग अंगठ्यापाशी पार उडालेला. पात्याला नुकतीच धार लावलेली. मृगात लावून ठेवली असणार. मी कापत होते, वहिनी तुकडे वेचून स्टीलच्या ताटलीत ठेवत होती. एकही खाली पडू दिला नाही तिनं. उंबराचे दोन वेढे रुतलेच होते. काढताना साल सोलली, चीक आला. वहिनीनं बोटानं तिथं हळद लावली. इतका उशीर झाला नसता तर, असं माझ्याही तोंडावर आलं होतं. पहिल्यांदाच मी ते गिळलं. ती खूण आता राहणार. राहू दे.

पिंपळ मी शेवटी ठेवला होता. भाऊनं पहिला मान दिला असता, पण माझा धीर होत नव्हता. सात वेढे. शेंड्याकडून सुरुवात केली. पहिले सहा निघाले. प्रत्येकाखाली सालीवर पुसट तिरपी रेघ, जखम नाही. सातवा बुंध्यापाशी. तो कापताना मी डाव्या हाताचं बोट फांदीखाली धरलेलं. तुकडा पडला, आणि माझं बोट तिथंच. काढवेना. काढलं आणि ती उसळून वर गेली तर? तर मी भाऊला काय सांगू, असा विचार डोक्यात आला. असा विचार आला याचंही मग भान आलं.

‘‘हात काढा, सुमनताई,’’ वहिनी हळूच म्हणाली.

मी हात काढला. फांदी जराशी हलली, वाऱ्यानंही असेल. दोन पानं थरथरली. मग ती थांबली, त्यानं सांगून ठेवलं होतं तिथंच, डावीकडून खाली येऊन पुन्हा वर बघणारी. मी बघतच उभी होते. वहिनी माझ्यामागे काय करते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. तेवढ्यात माझ्या पिशवीतला मोबाइल वाजला. काढून बघते तो नाव, ‘भाऊ अकोला.’  वळून पाहिलं, तर हाताभरावर वहिनी उभी, त्याचा फोन कानाला लावून, दुसऱ्या हातात तुकड्यांची ताटली. तो फोन ती अजून रोज चार्ज करते. मी उचलला.

‘‘सुमनताई,’’ ती फोनमध्ये म्हणाली, ‘‘बसली.’’

दरवर्षी मी ‘बरं, ठेव आता’ म्हणायची. यंदा म्हटलं नाही. दोघींनी फोन तसेच कानाला धरून ठेवले... बराच वेळ.